पंचवीस सेंटिमीटर

बेळगाव, २ फेब्रुवारी २०२५

दीपंकरअण्णा,

जय भीम. त्याच्याआधी 'सप्रेम' लिहायची आपल्या घरातली रीत आहे. ती आज मोडते.

आई मंगळवारपासून दवाखान्यात आहे. हृदयाचे ठोके मिनिटाला एकशे साठ, तेही वेडेवाकडे. आधी आठवडाभर हात इतके थरथरत होते की विडीचं पान वळताना फाटायचं. इथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "यांच्या थायरॉईडच्या गोळ्या कुणी बंद केल्या?" मी फाईल पुढे केली.

फाईलमध्ये तुझ्या इथल्या, बेळगावच्या सेंटरचा रिपोर्ट आहे, १७ ऑक्टोबरचा. गंगव्वा देवाप्पा, वय ६४, निपाणी. किरणोत्सर्गी आयोडीनची कॅप्सूल दिली, चोवीस तासांनी गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीनं त्यातलं किती ओढून घेतलं ते मोजलं: तेवीस टक्के. शेरा: सामान्य, तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे. खाली बंगळूरमध्ये बसून तू संगणकावर केलेली सही.

वाढलेलं थायरॉईड दाबून ठेवणाऱ्या या गोळ्या चाचणीआधी थांबवाव्या लागतात म्हणून आठवडाभर थांबवल्या होत्या. रिपोर्ट 'सामान्य' आला, म्हणून त्या पुन्हा सुरूच झाल्या नाहीत. निपाणीच्या आपल्या डॉक्टरांना मी तेव्हा विचारलं होतं. ते म्हणाले, "तुमच्या भावाच्याच सेंटरचा कागद आहे, त्याच्यावर मी काय बोलणार?" साडेतीन महिने आई बिनगोळ्यांची राहिली, आणि आम्ही सगळे त्या कागदाकडे बघून निर्धास्त राहिलो.

त्याच फाईलमध्ये चाचणीसोबत सेंटरला दिलेला रक्ताचा रिपोर्ट आहे. हार्मोन अडीच पट वाढलेलं. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, वैद्यकशास्त्रातलं मला कळत नाही. तरीही हे दोन कागद एकमेकांशी जुळत नाहीत एवढं मला आज दिसतं. तुला तेव्हा कसं दिसलं नाही?

चार वर्षं आपण बोललेलो नाही. आप्पा गेले तेव्हा, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, पाहुण्यांच्या देखत, तू आईला म्हणालास, "डॉक्टरची आई विड्या वळते, मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही." त्यावर मी तुला जे बोलले त्यातला एक शब्दही मागं घेत नाही. पण आई तुझ्यावर रुसलेली नव्हती. बेळगावात तपासणीची आणखी दोन ठिकाणं होती, तरी तिनं तुझंच सेंटर धरलं. बाकावर बसून मला विचारत होती, "नाव बघितल्यावर दीपू फोन करंल न्हवं?"

तू केला नाहीस. म्हणून एकच विचारते. सही करताना नाव वाचलंस का?

अक्षरा

•

बेळगाव, ९ फेब्रुवारी २०२५

दीपंकर,

(अण्णा आज लिहवत नाही.)

तुझं उत्तर आलं नाही. सेंटरच्या 'गुणवत्ता विभागा'चं आलं. त्यातली दोन वाक्यं उतरवून देते, तुझ्यापर्यंत ती पोचली नसतील म्हणून. 'आमच्या डिटेक्टरची कार्यक्षमता दररोज सकाळी सीझियम स्रोत वापरून तपासली जाते व ती समाधानकारक आहे. सदर रुग्णाने बसण्याबाबतच्या सूचनांचे पालन न केल्यास त्याची जबाबदारी केंद्राची नाही.'

म्हणजे यंत्र निर्दोष आणि आई दोषी. लिहिणाऱ्याचा हात कसा चालला?

तुला हे शिकवायची गरज नाही, तू त्यातला तज्ज्ञ. पण तुझ्या गुणवत्ता विभागाला हा परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखव. डिटेक्टरची कार्यक्षमता म्हणजे शंभर गॅमा किरण सुटले तर त्यातले किती मोजले गेले. तो आकडा यंत्राच्या अंगावर छापलेला नसतो. किरण कुठून येतात आणि किती ऊर्जेचे येतात, यावर तो बदलतो. स्रोत लांब गेला की डिटेक्टरमधल्या क्रिस्टलच्या वाट्याला येणारे किरण अंतराच्या वर्गानं घटतात. दुप्पट लांब, तर चौथाई. हा प्रयोग मी दरवर्षी बी.एस्सी.च्या मुलांकडून करून घेते. स्टँडवर स्रोत पाच-पाच सेंटिमीटरनं मागे सरकवायचा आणि मोजणी लिहायची. नापास होणारी मुलंही तो आलेख बरोबर काढतात.

आता तुमचा रोजचा सीझियम. प्रज्ञेश, तुमचा तंत्रज्ञ, सीझियमची बटणाएवढी चकती थेट डिटेक्टरच्या तोंडाला चिकटवून ठेवतो. अंतर शून्य! त्यावरून पंचवीस सेंटिमीटरवरच्या गळ्याबद्दल काय कळणार? शिवाय सीझियमचे किरण ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे, आयोडीनचे ३६४. जास्त ऊर्जेचा किरण क्रिस्टलमधून निसटतो किंवा अर्धवट पकडला जातो. आमच्या प्रयोगशाळेतल्या दोन इंची क्रिस्टलवर पडलेल्या शंभर सीझियम किरणांतले सत्तावीस पूर्ण ऊर्जेनिशी पकडले जातात. आयोडीनच्या जवळची ऊर्जा असलेल्या बेरियमचे पन्नासच्या आसपास. म्हणजे तुमचा सकाळचा दाखला वेगळ्या जागेचा आणि वेगळ्या किरणांचा. त्यातून यंत्र चालू आहे एवढंच सिद्ध होतं. ते आईला नीट बघत होतं, हे सिद्ध होत नाही.

मी शुक्रवारी सेंटरला जाऊन आले. प्रज्ञेशवर राग काढू नकोस. सांबरा गावचा पोरगा, खरं बोलला. अंतर राखायला डिटेक्टरला जो दांडा असतो, ज्याचं टोक पेशंटच्या गळ्याला टेकवायचं असतं, तो कुठे आहे असं मी विचारलं.

"कपाटात हाय, मॅडम."

"कपाटात कशाला?"

"एप्रिलात काढला. एक बाई चिडल्या हुत्या. म्हणाल्या, ह्यो दांडा कुणाकुणाच्या गळ्याला लागलाय काय म्हाईत, माझ्या गळ्याला लावू नका."

"पुसून घ्यायचा की."

"स्पिरिटनं पुसतच हुतो, मॅडम. पर त्यास्नी काय जंतूंचं भ्या नव्हतं." मान खाली घालून त्यानं पुढचं सांगितलं. "मग वरनं फोन आला, दांडा काढ, फरशीवर पट्टी मार. खुर्चीचं पाय पट्टीवर ठिवायचं."

"आईची खुर्ची पट्टीवर होती?"

त्यानं बेसिनकडे बोट केलं. "आजीनं मागं वढून घेतली. पार बेसिनला टेकवली. मी म्हटलं, आजी, फुडं या. तर म्हणाल्या, हितनं बी दिसतंय की त्याला. भायेर पंधरा पेशंट बसल्यालं. मी बटण दाबलं."

कॅप्सूल गिळण्याआधी ती प्लास्टिकच्या नकली गळ्यात ठेवून पंचवीस सेंटिमीटरवर मोजली होती, आणि आईचा गळा मोजला बेसिनपाशी. मी मोजपट्टी लावून अंतर घेतलं. अडतीस सेंटिमीटर.

ज्या बाईच्या सोवळ्यासाठी तुम्ही दांडा काढलात, तिचं नाव गुणवत्ता विभागाच्या पत्रात नाही. सूचना न पाळणारी म्हणून आपली आईच तेवढी त्यात आहे.

अक्षरा

•

बेळगाव, १३ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

काल फोनवर मी मध्येच ठेवून दिला, म्हणून लिहिते.

तू म्हणालास, "नाव वाचलं होतं. सामान्य बघून बरं वाटलं. म्हणून रक्ताचा कागद उघडला नाही." न वाचता सही केली असं तू म्हणाला असतास, तर मी तुला निष्काळजी म्हणून मोकळी झाले असते. पण तू वाचलंस, तुला बरं वाटलं, आणि आपली आई बरी आहे या समाधानात तू तिची तपासणी इतरांपेक्षा कमी केलीस. त्या जागी कुणी परकी गंगव्वा असती तर तू दुसरा कागद उघडला असतास. आणि एवढं बरं वाटलं होतं, तर एक फोन करायला काय झालं होतं?

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी काल मोजणी केली. बेरियमचा स्रोत पंचवीस सेंटिमीटरवर: मिनिटाला ४१२०. अडतीसवर: १७९०. भोवतालची मोजणी दोन्हींतून वजा केली आहे. म्हणजे तुमच्या यंत्रानं आईच्या गळ्यातल्या आयोडीनचा निम्मासुद्धा हिस्सा पाहिला नाही. तेवीसला त्या प्रमाणात वाढवलं तर त्रेपन्न टक्के येतात; रिपोर्टवर सामान्यची हद्द पस्तीसपर्यंत छापली आहे. त्रेपन्न टक्क्यांना तुझ्या पुस्तकात काय म्हणतात ते तू लिही. इथल्या डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत, ठोके शंभरच्या आत आलेत.

मला दोन गोष्टी हव्यात. एक, आईचा रिपोर्ट चुकीचा होता असं तुझ्या सहीनं लेखी. दोन, एप्रिलनंतर दांड्याशिवाय ज्यांची मोजणी झाली त्या सगळ्यांना पुन्हा बोलावणं. प्रज्ञेशच्या वहीत त्रेसष्ट नावं आहेत.

तू मला फोनवर विचारलंस, "पण आईनं खुर्ची मागं का घेतली? ती तर सांगितलेलं ऐकणारी बाई." मी म्हणाले, मला काय माहीत, जुनी सवय असेल. आणि फोन ठेवला.

अक्षरा

•

बेळगाव, १६ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

मला माहीत होतं.

कॅप्सूल घ्यायच्या दिवशी आईनं पहाटे उठून दोन तास विड्या वळल्या होत्या, दिवस बुडू नये म्हणून. निपाणीहून बसनं आली, मी स्टँडवर घ्यायला गेले. सेंटरमध्ये समोरच्या बाकावर आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांची बायको बसली होती. माझ्याकडे बघून हसली, मग आईकडे बघितलं, मग पदर नाकाजवळ नेला. नेला की मला तसं वाटलं, आता सांगता येत नाही.

आईचं नाव पुकारलं तेव्हा मी तिच्या कानात म्हणाले, "आत त्या पोराच्या अंगावर जाऊ नको. तुझ्या लुगड्याला तंबाखूचा वास येतोय. जरा लांबच बस."

ती म्हणाली, "व्हय गं, बसते लांब."

तुझ्या वाक्यावर मी चार वर्षं तुला शिव्या घातल्या. तू निदान चारचौघांत बोललास. मी कानात बोलले, आणि दुसऱ्या दिवशी, मोजणीच्या वेळी, तेच पुन्हा बोलले.

पण हे वाचून तू सुटलास असं समजू नकोस. तो दांडा असतो कशाला? माणसं लाजतात, घाबरतात, दबून बसतात, त्यांच्या पोरी त्यांना नको ते सांगतात, हे ते यंत्र बनवणाऱ्यांना ठाऊक होतं म्हणून. दांडा जागेवर असता तर माझ्या मूर्खपणाला तिथं कुणी विचारलं नसतं. टोक गळ्याला लागेपर्यंत प्रज्ञेशनं आईला पुढे घेतलंच असतं. माझी चूक आईपुरती होती. तुमची त्रेसष्ट जणांची आहे.

मी आईलाही सांगितलं. ती खाटेवर बसून पेज पीत होती. म्हणाली, "तू सांगिटलंस म्हणून न्हवं गं. मी कुटं बी मागंच बसते." मला बरं वाटावं म्हणून म्हणाली की खरंच तसं आहे, ते तिलाच ठाऊक.

अक्षरा

•

निपाणी, १ मार्च २०२५

अण्णा,

तुझा निरोप मिळाला. रिपोर्ट बदलायला तू तयार आहेस, पण वकील म्हणतात की सगळ्यांना बोलावलं तर सेंटरनं चूक कबूल केल्यासारखं होईल. व्हावंच. केलीच आहे तर कबूल करायला नको?

मी चार दिवस इथं आले आहे. आई घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिनं मला विचारलं, "माझ्यागत मागं आणि कोन कोन बसलं हुतं?" तुमच्या सेंटरनं ऑगस्टमध्ये इथं थायरॉईडचं शिबिर घेतलं होतं, त्यातून विडीवाल्या बायकांनाही बेळगावला पाठवलं होतं. आईला सगळ्या माहीत. मी म्हणाले, मी फोन करते. तर म्हणाली, "फोनवर बाया खरं सांगत न्हाईत." आणि घरातली प्लास्टिकची खुर्ची काखेत मारून निघाली. डॉक्टरांनी जिने चढू नको म्हणून सांगितलंय, म्हणून जिन्याखाली उभी राहून हाका मारायची.

पहिल्या घरची मालुबाई म्हणाली, "काय गंगव्वा, खुर्च्या इकाय लागलीस व्हय?"

आईनं अंगणात भिंतीपासून हातभर अंतरावर खुर्ची ठेवली. "ही भित म्हंजे मशीन. तू कशी बसलीवतीस, बसून दाव."

मालुबाईनं एका हातानं खुर्ची मागं ओढली आणि मग बसली. विचारदेखील केला नाही.

"मागं का घेतलीस?"

"मग काय मशीनच्या मांडीवर बसू? ते काय पोरगी बघाय आल्यालं पावणं हाईत व्हय, फुडं फुडं कराय?"

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. नंतर मोजलं तर तिनं खुर्ची बारा सेंटिमीटर मागे घेतली होती. आईसकट सात बायका झाल्या. सातही जणींनी खुर्ची मागे ओढली. बाकी सहा जणींच्या पोरींनी काही त्यांना कानात सांगितलं नव्हतं. ठेकेदाराच्या टेबलासमोर, बँकेत, शाळेत हेडमास्तरांपुढे, जन्मभर जिथं बोलावलं तिथं बसायच्या आधी खुर्ची मागं ओढायची, हे त्यांच्या हातात मुरलेलं आहे. तुमची फरशीवरची पट्टी त्याला काय थोपवणार?

मालुबाईचा आकडा एकवीस आहे, शेरा सामान्य. तिचे डोळे बघ एकदा येऊन. खोबणीतून बाहेर आलेत. तिच्याही गोळ्या बंद आहेत.

मी तक्रार लिहिली आहे, बेळगावच्या आरोग्य अधिकाऱ्यांसाठी आणि किरणोत्सर्गाचे परवाने देणाऱ्यांसाठी. त्यात मी आईला काय सांगितलं ते वाक्यही घातलं आहे, म्हणजे तुझ्या वकिलाला ते शोधून काढायचे कष्ट नकोत. अठरा मार्चपर्यंत तक्रार माझ्याकडेच राहील. अठराला मंगळवार आहे. त्या दिवशी दहा वाजता सात बायका तुझ्या सेंटरला येतील, कॅप्सूल घ्यायला. बुधवारी मोजणी. त्याच्या पाच दिवस आधी आईच्या गोळ्या थांबवायला तिचे डॉक्टर तयार झाले आहेत, ठोक्यांचं औषध चालू ठेवून. त्यांना ते मनातून आवडलेलं नाही. एका चुकीच्या आकड्यापायी तिला हा धोका दुसऱ्यांदा घ्यावा लागतोय, हे लक्षात ठेव.

दांडा कपाटातून काढून ठेव.

अक्षरा

•

बेळगाव, २१ मार्च २०२५

अण्णा,

तू आलास. ते लिहायला हवं, कारण तू येणार नाहीस असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

परवा मी काचेबाहेर उभी होते. तू स्क्रीनकडे बघत होतास, म्हणून तुला सुरुवात दिसली नसेल. आई आत आली. एवढं सगळं झालं, स्वतः घरोघर खुर्ची घेऊन फिरली, आणि तिनं काय केलं? खुर्चीची पाठ धरली आणि मागं ओढली. दांड्याचं टोक तिच्या गळ्यापासून आठ-दहा बोटं लांब हवेत राहिलं. प्रज्ञेश तुझ्याकडे बघायला लागला.

तू वळून म्हणालास, "आई, पुढं ये."

ती म्हणाली, "किती फुडं, डॉक्टर?"

टोमणा नव्हता तो. टोमणा मारताना तिचा आवाज कसा होतो ते तुला माहीत आहे. त्या खोलीत तुला डॉक्टरच म्हणायचं असतं असं तिला वाटलं. तू उठलास, खुर्ची आईसकट पुढं ओढलीस, टोक गळ्याला टेकलं. ती दचकली. तुझा हात खुर्चीच्या पाठीवर पूर्ण तीन मिनिटं होता. मोजणी संपली तरी होता.

आई एक्कावन्न. मालुबाई अठ्ठेचाळीस. सातांपैकी चौघींचा जुना 'सामान्य' खोटा ठरला. सुधारलेल्या रिपोर्टांवर तू शाईनं सही केलीस, आणि पुढच्या महिन्यात आईला आणि मालुबाईला आयोडीनचा उपचाराचा मोठा डोस द्यायचा असं ठरवलंस. एवढं झालं. त्याबद्दल आभार मानणार नाही. हे ऑक्टोबरमध्येच व्हायला हवं होतं.

आज पुन्हा गुणवत्ता विभागाचं पत्र आलं आहे. 'उर्वरित रुग्णांनी स्वतःहून चौकशी केल्यास त्यांना सवलतीच्या दरात फेरतपासणी उपलब्ध राहील.' स्वतःहून! छप्पन्न माणसं 'सामान्य' असा कागद ट्रंकेत जपून ठेवून बसली आहेत. ती कशाला चौकशी करतील? आणि सवलत कसली? हे पत्र तू वाचलं आहेस की यावरही संगणकानं सही केली?

तक्रार मी आज सकाळी पाठवली. तू आलास म्हणून थांबवेन असं तुला वाटलं असेल, पण तू सात जणींसाठी आलास.

प्रत्येकाला फोन तू स्वतः कर. नावं गुप्त ठेवायची असतात हे मला मान्य आहे, म्हणून मी वहीची प्रत मागत नाही. पण प्रज्ञेश म्हणतो, शिबिरातले वीस-बावीस नंबर आता लागतच नाहीत. पत्त्याच्या रकान्यात नुसतं 'निपाणी' लिहिलंय. काल आईला निपाणीला सोडायला गेले तेव्हा तिला हे सांगितलं. तिनं सुपातली पानं बाजूला सारली आणि चपला शोधायला लागली.

"त्याला म्हणावं, ज्यांचा फोन लागत न्हाई त्यांची तेवढी नावं सांग. घरं मी हुडकते."

रविवारी संध्याकाळी तिला फोन कर. नावं तिलाच सांग.

अक्षरा